बाळंतिणींच्या दवाखान्यासाठी गाणं

कुणी द्राक्षं पुढे केली की मी नको म्हणते. दात आंबतात असं सांगते. खरं कारण दातांचं नाही. द्राक्ष फार पिकलं की त्याला एक वास सुटतो, आणि तो वास आला की शेठजींच्या जिनातली ती संध्याकाळ आठवून मला मळमळतं. चार माणसांत हे सांगायचं म्हटलं तर माझी जीभ उचलत नाही. शिकले तीही चौथीपर्यंतच. पण दुपारी घरातली सगळी आडवी झाली की हातात थोडा वेळ असतो, म्हणून लिहिते.

आमचं घर जळगावात, शेती तापीकाठी. केळी आणि कापूस. आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सगळा कापूस दरसाल एकाच जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जायचा, आणि त्या जिनाचे मालक शेठजी आबांना भर पेठेत हाक मारून जवळ बसवून घ्यायचे. आबांना त्याचा मोठा अभिमान होता. शेठजी काय म्हणाले हे आम्हाला जेवताना रोज ऐकावं लागे.

आबांना दोन मुलगे. मी थोरल्याची बायको. धाकट्याची धुळ्याहून आली. तिचे वडील तिथे कोर्टात कारकून होते आणि त्यांना गाण्याचं वेड. गावातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना घरी बोलावून त्यांनी मुलीला लहानपणापासून गाणं शिकवलं होतं. लग्नानंतर ती आली ती गोधडीत गुंडाळलेला तंबोरा घेऊनच. स्टेशनावर उतरवताना हमालानं विचारलं, आत काय आहे. आबा म्हणाले, सुनेनं आंदणात भोपळा आणलाय. सगळे हसले. घरी आल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "अक्का, हा भोपळा काही शिजायचा नाही." तेव्हापासून ती मला आवडायला लागली.

तंबोरा मात्र खुंटीलाच राहिला. आमच्या घरात बायकांनी ओवी म्हणावी, पाळणा म्हणावा, भजनाला झांज धरावी, तेवढंच. पुरुषमाणसं शेतावर गेली की जाऊ धान्याच्या कोठीचं दार लावून आत बसायची. मी बाहेर तांदूळ निवडत पहारा करायची. कुणी आलं तर सूप जमिनीवर आपटायचं, असं आमचं ठरलेलं होतं. दारातून येणारा तो आवाज कसा होता हे मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगते, की तो ऐकताना तांदळातला खडा हातात यायचा आणि मी तो पुन्हा तांदळातच टाकायची.

त्या सुमाराला गावात बाळंतिणींसाठी दवाखाना काढायचं ठरलं. माझी पाठची बहीण अडली तेव्हा तिला बैलगाडीतून जळगावला आणत होते, आणि ती वाटेतच गेली. म्हणून दवाखान्याचं नाव ऐकलं तेव्हा मी देवाला साखर ठेवली होती. काम चांगलं होतं. हे मला आधी लिहून ठेवायला हवं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मला त्या कामाचाच राग होता.

दवाखान्याच्या फंडासाठी शेठजींच्या जिनात गाण्याचा जलसा करायचं ठरलं. जलशाचे सेक्रेटरी एक वकील होते. पुण्याला वाढून, शिकून इकडे आलेले, चष्मा लावणारे, फार गोड बोलणारे. त्यांना धुळ्याच्या कुणाकडून तरी कळलं की आमच्या घरची सून गाते. ते आबांकडे आले. घरंदाज स्त्रिया आता मोठ्या शहरांतून धर्मकार्यासाठी गातात, असं त्यांनी पुष्कळ सांगितलं. आबा हो म्हणेनात. मग दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः आले, ओसरीवर बसले, आणि आबा हो म्हणाले.

त्यांनी अटी घातल्या. डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. तबल्याला धुळ्याचे मास्तरच हवेत, वडीलधारे म्हणून. आणि तंबोऱ्याला परका पुरुष बसणार नाही, थोरली सून बसेल. शेवटी वकिलांच्या देखत ते म्हणाले, की सगळं नीट पार पडलं आणि घराचं नाव राहिलं, तर मास्तरांनी दर महिन्याला धुळ्याहून येऊन सुनेला पुढचं शिकवावं, माझी ना नाही. आम्ही दोघी दाराआड होतो. जावेनं माझा दंड असा धरला की तिची बोटं उमटली.

मला पाहुण्यांपुढे पाण्याचा तांब्या ठेवायचा तरी हात कापतो. मी रडकुंडीला आले. जाऊ म्हणाली, "तंबोरेवालीकडे कोणी बघत नाही, अक्का. बठ्ठे लोक गाणारीकडे बघतात." मग तिनं मला शिकवलं. पहिली तार मधल्या बोटानं, बाकीच्या तिन्ही त्याच्या शेजारच्या बोटानं, आणि थांबायचं नाही, काहीही झालं तरी थांबायचं नाही. माझी बोटं सुजली, मग घट्टे पडले. पण एके दिवशी त्या चार तारांतून एकच आवाज निघायला लागला आणि ती गाता गाता माझ्याकडे बघून हसली.

जलशात दारू आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वकील आदल्या दिवशी येऊन आमची मोठी पितळी पिकदाणी मागून घेऊन गेले, पाहुण्यांच्या विड्यासाठी म्हणून. गावातल्या चार चांगल्या घरांतून त्यांनी अशा पिकदाण्या गोळा केल्या होत्या.

वैशाख होता. जिनाचा हंगाम संपलेला. यंत्रांवर चादरी टाकून मोठ्या शेडमध्ये गालिचे घातले होते, तरी वर छपराच्या कैच्यांना कापसाचे तंतू लोंबत होते आणि वारा आला की खाली तरंगत येत होते. एका बाजूला चिकाचे पडदे लावून बायकांना बसवलं होतं. समोर खुर्च्यांवर भुसावळचे रेल्वेतले गोरे साहेब, त्यांच्या मडमा, आपल्याकडचे वकील, व्यापारी, ठेकेदार. पहिल्या रांगेत शेठजी आणि त्यांच्या शेजारी लाल पागोटं घातलेले आबा. बाजूला लाकडी टब मांडले होते. भुसावळहून भुशात घालून आणलेला बर्फ त्यांत होता, आणि बर्फात बाटल्या.

शेठजींचा मुलगा विलायतेला जाऊन आला होता. त्यानं उठून भाषण केलं. विलायतेत धर्मकार्यासाठी असंच जमतात, उत्तम गाणं आणि उत्तम द्राक्षाची दारू यांची जोडी असते. म्हणून आज प्रत्येक गाणाऱ्याबरोबर त्याला शोभेल अशी एकेक दारू निवडली आहे, आणि कोणत्या गाण्याला कोणती, ते छापलेल्या कागदावर आहे. तो कागद माझ्या जावेच्या हातात होता. तिच्या रागाच्या समोर एका बाटलीचं नाव होतं. तिनं तो वाचला, घडी घातली आणि मांडीखाली ठेवला.

पहिल्यांदा बाहेरगावचे एक बुवा गायले. त्यांच्याबरोबर पिवळी दारू होती. साहेब लोक पेला नाकाशी नेत, हुंगत, घोट तोंडात घोळवत आणि मग पिकदाणीत थुंकत. दारू चाखण्याची रीतच तशी असते म्हणे. आपल्या लोकांना ही रीत कुणी समजावली नव्हती. कुणी घोळवून गिळत होते, कुणी गिळून पुन्हा मागत होते, आणि साहेब थुंकतात म्हणून काहीजण खाकरून नुसतंच थुंकत होते. बुवांची तान चाललेली आणि समोर दहा माणसं सकाळी मोरीवर बसल्यासारखी गुळण्या करत होती. आमची पिकदाणी आमच्यापासून जवळच ठेवली होती. तिच्या काठावरून एक ओघळ खाली गालिच्यावर उतरत होता. बर्फाचं पाणी, घाम, विड्याचा कात आणि ती आंबलेली द्राक्षं, या सगळ्याचा मिळून वास येत होता. मी पदर नाकाशी धरला होता, पण तारा छेडायला हात लागणार म्हणून तो खाली घ्यावा लागला.

दिवेलागणीला जाऊ गायला बसली. डावीकडे मास्तर, मागे मी. तिनं यमन सुरू केला. मी मान वर केली नाही, तिच्या पाठीकडे बघत तारा छेडत राहिले. पण थोड्या वेळानं मला जाणवलं की समोर पेले वाजत नाहीत. कोणी खाकरत नाही. एक कापसाचा तंतू तिच्या खांद्यावर येऊन बसला होता आणि तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होता. पडद्याआडून कुणा म्हातारीचा 'अगं बाई' असा हलका आवाज आला. मास्तर डोळे मिटून वाजवत होते. मी मनात म्हटलं, झालं, आता मास्तर दर महिन्याला येणार.

तेवढ्यात वकील उठले आणि त्यांनी हात वर केला. मास्तरांचा हात तबल्यावर थांबला. "थांब पोरी," ते हळूच म्हणाले.

वकिलांनी जाहीर केलं, की अमुक ठेकेदारसाहेबांनी फंडाला मोठी देणगी दिली आहे, आणि त्यांच्या फर्माईशीवरून बाई आता काहीतरी चटकदार म्हणतील. इतरांनीही असंच पुढे यावं, जो देणगी देईल त्याची फर्माईश पुरी होईल, असंही ते म्हणाले. चष्म्याआडून ते इतके खूश दिसत होते, की त्यांना आपण काय केलं याची खरोखर कल्पना नव्हती. ते पुण्याला वाढलेले. पण आमच्या खानदेशात गावोगावच्या जत्रेत तमाशाचा फड लागतो, आणि फडात हेच होतं. नाचणारीचं गाणं मध्येच थांबतं, कुणी पाटील नोट पुढे करतो, त्याचं नाव पुकारतात, ती येऊन नोट घेते आणि त्याला हवं ते म्हणते. त्याला दौलतजादा म्हणतात. आमच्या घरच्या बायकांनी फड कधी पाहिला नसेल, पण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पडद्याआडची कुजबुज एकदम थांबली.

ठेकेदार उठून समोर आले. एका हातात लाल दारूचा पेला, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत नोट. वकिलांनी तबक पुढे केलं. ठेकेदार म्हणाले, तबकात नाही, बाईंनी हातानं घ्यावी. मागे कुणीतरी हसलं. साहेबांना वाटलं की ही इथली काही मानाची रीत असावी, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

जाऊ हलली नाही. तिचे हात मांडीवर, पदराखाली होते. मी तारा छेडत होते, कारण थांबायचं नाही असं तिनं सांगितलं होतं, आणि त्या शांततेत माझा तंबोरा एकटाच वेड्यासारखा वाजत होता. सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी शेठजींकडे पाहिलं. शेठजी पेल्यात बघत होते.

आबा म्हणाले, "घे, सूनबाई. धर्माचं काम आहे."

तिनं पदराखालून हात काढला आणि पुढे केला. ठेकेदारांनी नोट ठेवली, आणि ठेवताना पेला कलला. लाल दारू तिच्या तळहातावर सांडली आणि मनगटावरून कोपरापर्यंत गेली. ते सॉरी म्हणाले आणि हसले. तिनं ओली नोट तबकात टाकली. हात पुसला नाही. मान मागे वळवून माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि चटकदार काही न म्हणता जिथं सोडला होता तिथूनच यमन पुन्हा उचलला. पण त्यानंतर आणखी दोघे उठले. प्रत्येक वेळी वकिलांचा हात वर झाला, नाव पुकारलं गेलं, हात पुढे करावा लागला. तो राग तिला सलग असा गाताच आला नाही. शेवटी तिनं तो कसातरी आवरला. टाळ्या पुष्कळ पडल्या. तोवर समोरच्या निम्म्या लोकांचे डोळे तांबारले होते आणि एकजण खुर्चीतच ओकला होता. त्याच्यासाठीही आमचीच पिकदाणी उचलून नेली.

टांग्यातून परत येताना माझे दीर घोड्याच्या पाठीकडे बघत बसले होते. जावेनं तो हात अंगापासून दूर, गुडघ्यावर उताणा ठेवला होता, जणू दुसऱ्या कुणाचा असावा.

सकाळी जिनाचा गडी पिकदाणी परत आणून टाकून गेला. मी अंगणात बसून ती राखेनं आणि चिंचेनं घासत होते. आत जे वाळून चिकटलं होतं ते लिहिणार नाही. दोनदा मला उठून बाजूला जावं लागलं. आबा तोंड धुवायला मोरीवर आले. सुनेशी ते कधी सरळ बोलत नसत, निरोप माझ्याकडे असे. ते म्हणाले, "तो तंबोरा माळ्यावर टाका. ज्या हातानं दौलतजादा घेतली तो हात माझ्या घरात तंबोऱ्याला लागायचा नाही."

मला काय झालं ते कळलं नाही. माझे हात राखेनं भरले होते, मान खाली होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "आबा, घे असं आपणच म्हणालात."

आबांनी चूळ भरली. बराच वेळ तोंडात पाणी खळखळवलं. मग ते थुंकले आणि आत गेले.

मास्तर ओसरीवर वळकटी बांधून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. चहा न घेताच ते गाडीला गेले. मी कोठीत गेले तेव्हा जाऊ तंबोऱ्याच्या तारा उतरवत होती. एकेक खुंटी सैल करून, घाई न करता, आजाऱ्याचे दागिने काढावेत तशा. मी मदतीला हात लावायला गेले, तर ती म्हणाली की राहू दे अक्का, तुझ्या हाताला वास येतोय. मग गोधडीत गुंडाळून तिनंच तो माळ्यावर चढवला. डोळ्यांतून पाणी काढलं नाही. मी मात्र परसात जाऊन रडले, आणि रडतानाही मला तोच वास येत होता.

त्या सकाळची किळस मला अजून येते, आणि ती दारूची नाही. दारू प्यायलेले निदान शुद्धीत नव्हते. आबांनी तर त्या दिवशी थंड ताकाशिवाय काही घेतलं नव्हतं. माझे दीर आणि माझे यजमानही तिथेच होते. त्या दोघांनी पुढे कित्येक दिवस विषय काढला नाही, आणि आपण विषय काढत नाही म्हणजे फार समजूतदारपणा करतो, असा त्यांचा चेहरा असायचा.

दवाखाना बांधून झाला. दारात दगडावर शेठजींचं आणि त्या ठेकेदारांचं नाव कोरलं आहे. काम खरंच चांगलं झालं, अडलेल्या बायका तिथे सुटल्या, हेही मी लिहीन. गावात कौतुक सुरू झालं तसे आबा पालटले. ओसरीवर पाहुणे आले की ते सांगू लागले, या दवाखान्यात आमच्या घरचा वाटा आहे, आमची सूनबाई साहेबांपुढे गायली तेव्हा कुठे भिंती उभ्या राहिल्या. मी चहा घेऊन आत-बाहेर करायची तेव्हा ते ऐकायला मिळे. कप खाली ठेवताना माझा हात कापायचा, पण लाजेनं नव्हे.

पुढे जावेला दिवस गेले आणि ती त्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाला घर भरलं होतं. ओसरीवर शेठजी, वकील आणि गावातली मोठी माणसं, आत बायका. मुलीला पाळण्यात घातलं, कानात नाव सांगितलं, आणि पाळणा म्हणायची वेळ आली तेव्हा आबांचा निरोप आत आला. पाळणा धाकट्या सूनबाईंनाच म्हणू दे, मोकळ्या आवाजात, बाहेर पाहुण्यांना ऐकू येऊ दे.

बायका तिच्याकडे बघायला लागल्या. ती पाळण्याची दोरी धरून बसली होती. निरोप आणणाऱ्या बाईला तिनं आपल्या धुळ्याच्या बोलीत, आवाज न चढवता सांगितलं, "आबाला सांगा, मनं गाणं व्हई गयं."

ती बाई बाहेर गेली नाही. माझं गाणं संपलं, असला निरोप घेऊन कोण जाणार. मूल किरकिरायला लागलं. मग मीच दोरी हातात घेतली आणि पाळणा म्हटला. माझा आवाज घोगरा, सूर मला कधीच लागला नाही. पहिल्या कडव्यालाच तो फाटला, तरी मी शेवटपर्यंत म्हटला. जाऊ खाली मान घालून ऐकत होती, आणि एकदा तिनं बोटानं माझ्या गुडघ्यावर ताल धरला, मी फारच भरकटले तेव्हा.

पाळणा संपला तेव्हा ओसरीवरून वकिलांचा आवाज आला, वा, सूनबाईंचा आवाज अजून तसाच आहे. शेठजींनीही मान डोलावली असणार. मी दाराच्या फटीतून पाहिलं. आबांनी माझा आवाज ओळखला होता. इतकी वर्षं तो रोज ऐकत होते. त्यांनी विड्याचं तबक वकिलांपुढे सरकवलं आणि म्हणाले, "घरातलंच गाणं आहे." मग पिकदाणी जवळ ओढली.